भट्टीशेजारची चार एकर

मातीताईचं खरं नाव प्रयोगशाळेच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती मातीताई. तेहतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या शेतांची माती तपासली. लोक कापडी पिशव्यांतून माती आणत. पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठीवर जमीन कुठली आणि तिच्यात काय लावायचंय ते. ती माती कागदावर पसरून सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीने ढेकळं फोडायची, चाळायची, आणि मग बाटल्या, नळ्या, काटे यांचं काम सुरू. आठ दिवसांनी शेतकऱ्याच्या हातात एक कागद पडायचा. त्यावरचे आकडे निम्म्या लोकांना कळत नसत, म्हणून ती तोंडी सांगायची. "तुमच्या जमिनीचं पोट कडक झालंय, पाणी खाली उतरत नाही." नाहीतर, "जमीन गुणाची आहे हो, तुम्हीच तिला उपाशी ठेवलीय." माणसं हसायची, मान डोलवायची आणि निघून जायची. पुढच्या वेळी आली की तिला त्यांची तोंडं आठवत नसत. माती आठवायची.

स्वतःची म्हणावी अशी मूठभर मातीसुद्धा तिच्याकडे नव्हती. एका इस्त्रीवाल्याच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन ती एकटीच राहायची. लग्न जमलं नव्हतं, आणि ते का जमलं नाही हे विचारणारेही आता थकले होते. खिडकीला छान रुंद कठडा होता, पण त्यावर एक कुंडी नव्हती. शेजारीण म्हणायची, "कमाल आहे तुमची, जगाला झाडं लावायला सांगता आणि स्वतःकडे तुळतुळीत कठडा!" "दिवसभर तेच करते, घरी आणखी कशाला," असं म्हणून ती विषय बदलायची. कुंडीत कोंडलेली माती आपल्याला बघवत नाही, हे सांगून कुणाला कळलं असतं?

निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ती नेहमीसारखी माती चाळत होती. बारीक माती खाली पडली आणि चाळणीवर उरायचं ते उरलं. थोडी मुळं, चुनखडीचे पांढरे खडे, आणि लाल खापऱ्या. नखाएवढ्या, कडा झिजलेल्या, कौलांच्या खापऱ्या. काळ्याभोर मातीतून निघालेल्या.

तिचा हात थांबला. एक खापरी तिने बोटांत धरून फिरवली. मग चिमूटभर माती तळहातावर घेऊन तिच्यावर थेंबभर पाणी टाकलं आणि अंगठ्याने चोळली. तेहतीस वर्षांत मातीचे एवढे नमुने हाताखालून गेले, पण हा चिकटपणा आणि त्याच्या आत लपलेली ही बारीक कचकच तिला दुसरीकडे कुठे भेटली नव्हती. चिठ्ठी उघडायच्या आधीच तिला कळलं होतं. तरी तिने ती उघडली. थरथरत्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'जुन्या कौलभट्टीच्या पूर्वेला, चार एकर. संत्री लावणे आहे. ओढ्याकडच्या कोपऱ्यात पाणी साचते.'

ते तिच्या वडिलांचं शेत होतं.

ती शेवटच्या वर्षाला, लांबच्या शहरात कॉलेजात होती तेव्हा वडील आजारी पडले. माती हाच विषय तिने घेतला होता तो त्या चार एकरांसाठी. शिकून परत यायचं आणि तिथे बाग लावायची, हे तिचं आणि वडिलांचं ठरलेलं होतं. वहीत तिने बागेचा नकाशा काढला होता : ओळी कुठून कुठे जातील, विहिरीचं पाणी कसं फिरेल, कुठल्या कडेला वाऱ्याला आडोसा म्हणून उंच झाडं. परीक्षेला तीन आठवडे असताना मोठ्या भावाचं पत्र आलं. चार ओळी. बाबांच्या उपचारांसाठी जमीन भट्टीवाल्याला दिली, तू काळजी करू नकोस, नीट अभ्यास कर. ती परीक्षा संपवून आली तेव्हा शेतातल्या घरातलं सामान जवळच्या शहरातल्या एका खोलीत आलं होतं. चार महिन्यांनी वडील गेले.

"मला विचारायचं तरी होतंस, दादा," एवढंच ती म्हणाली होती.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," दादा म्हणाला होता.

भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. दादा लाकडाच्या वखारीत मापारी म्हणून लागला, त्याचं लग्न झालं, पोरं झाली, ती मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली. भाऊबहीण एकाच शहरात राहायची. दुखण्याखुपण्याला, लग्नकार्याला भेटायची, एकमेकांना ख्यालीखुशाली विचारायची. वहिनी दोघांच्या मध्ये बसून एकटीच बडबडायची. शेताचं नाव दोघांपैकी कुणीही पस्तीस वर्षांत काढलं नाही. तिकडे जाणारी बस तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर थांबायची, तिच्यातही ती कधी चढली नाही.

अहवाल न्यायला आलेला माणूस उंच, जाड मिशांचा आणि विलक्षण बोलका निघाला. बत्तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवून निवृत्त झालेला ड्रायव्हर. सगळे त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं.

"मॅडम, मला स्टिअरिंग कळतं, शेत कळत नाही," ते खुर्चीत बसता बसताच म्हणाले. "भट्टी बंद पडून किती वर्षं झाली. मालकाच्या पोरांना ती जमीन नको होती, मी घेतली. लोक म्हणतात, म्हातारपणी कसली अवदसा आठवली. पण सांगतो तुम्हाला, बत्तीस वर्षं मी संत्र्यांच्या बागांमधून गाडी नेली. दोन्ही बाजूंना झाडं नुसती लगडलेली. आणि थांबायला? एकदासुद्धा मिळालं नाही. टाइमटेबल! तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस अशा बागेत गाडी बंद करून बसायचं."

मातीताईच्या समोर अहवाल होता. त्यात काय लिहायचं ते तिला ठाऊक होतं, आणि ते ह्या माणसाला आवडणार नव्हतं.

"संत्री नाही येणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

तिने मातीवर आम्लाचे दोन थेंब टाकले. माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. "हा चुना. एवढ्या चुनखडीत संत्र्याची पानं पिवळी पडतात. चार वर्षं झाड जगेल, तुम्हाला आशा लावेल, आणि ऐन फळाच्या वेळी वाळेल."

बोलता बोलता तिची जीभ अडखळली. तिच्या वहीतल्या नकाशातही संत्रीच होती. दोनशे चाळीस झाडं. बावीस वर्षांच्या तिला, पुस्तकं कोळून प्यायलेल्या तिला, वडिलांच्या शेताची माती कधी तपासावीशी वाटली नव्हती. घरच्या माणसाची कुणी ओळख विचारतं का, तसं.

ड्रायव्हरसाहेबांचा चेहरा उतरला. "मग काय लावू? बाभळी?"

"डाळिंब लावा. चुना त्याला चालतो. पण पाणी साचलेलं मुळीच चालत नाही. तो ओढ्याकडचा कोपरा मला बघावा लागेल."

प्रयोगशाळेतलं कुणी असं कुणाच्या शेतावर जात नसे. ती गेली. रविवारी, त्याच बसने.

भट्टीचं धुराडं अर्धं ढासळलं होतं. घर नव्हतंच. घराच्या जागी सपाट जमीन आणि तिच्यावर वाळकं गवत. ती फाटकाशी थांबली तेव्हा ड्रायव्हरसाहेब लांबून हात हलवत आले आणि आपलं शेत दाखवायला लागले. ही विहीर, हा बांध, हे असं, ते तसं. ती प्रत्येक गोष्टीला "हं, हं" म्हणत राहिली. विहिरीच्या काठावरच्या खाचेत पूर्वी तिची शाळेची पाटी बसायची, हे सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

ओढ्याकडच्या कोपऱ्यात लव्हाळा माजला होता आणि मातीवर पांढरी खपली धरली होती. तिने कुदळ मागून घेतली.

"अहो, मी खणतो की," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"नको. खणताना हाताला काय लागतं ते मला कळायला हवं."

वीतभर माती सुरेख निघाली. मग फुटावर कुदळ टणकन वाजली. वर्षानुवर्षं ट्रॅक्टर एकाच खोलीवर फिरल्याने जमिनीत एक कडक थर बसला होता, ताटासारखा. त्याच्या खाली माती ओली, निळसर, कुबट वासाची. पाणी खालून अडलेलं होतं आणि वरचं आत जात नव्हतं.

"हे आधी असं नव्हतं," ती म्हणाली.

"आधी म्हणजे?"

तिने कुदळ खाली ठेवली. "आधी म्हणजे हे शेत आमचं होतं तेव्हा. मी इथे जन्मले, ड्रायव्हरसाहेब."

ड्रायव्हरसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि उगाचच झटकली. "मग मी मघापासून तुम्हाला विहीर कसली दाखवतोय!" ते म्हणाले. त्यावर ती हसली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले.

त्या दिवशी दुपारी तिने सगळं शेत पायाखाली घातलं. नांगरून पडलेल्या काळ्या मातीत लाल खापऱ्या सगळीकडे नव्हत्या. एका तिरक्या पट्ट्यात होत्या. मधल्या बांधापासून निघून ओढ्याकडे जाणारा, तीन-चार हात रुंदीचा पट्टा, मग मध्येच नाहीसा झालेला. तिला पुसट आठवत होतं, ती आठेक वर्षांची असताना एका उन्हाळ्यात वडील आणि दादा भट्टीवरून फुटक्या कौलांच्या पाट्या वाहत होते. तिला जवळ येऊ देत नव्हते. खोल चर होता, पडशील म्हणत. पुढे काय झालं ते तिला माहीत नव्हतं. माहीत असलेला माणूस एकच होता.

दादाच्या घरी ती कधी न सांगता जायची नाही, म्हणून दार उघडल्यावर वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. "काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. दादा आहे?"

दादा आतल्या खोलीत पलंगावर गुडघ्याला तेल चोळत बसला होता. तिने पर्समधून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि चार खापऱ्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या.

दादाने त्या लगेच उचलल्या नाहीत. तेलाचा हात पंच्याला पुसला, पुन्हा पुसला, मग एक खापरी उचलून उजेडाकडे धरली.

"नांगराने वर काढल्या," तो म्हणाला. "खोल नांगरलं असणार कुणीतरी. फोडला त्यांनी चर."

"कसला चर, दादा?"

"बाबांचा. त्या कोपऱ्यात कायम पाणी साचायचं. बाबांनी कमरेएवढा चर खणला, तळाशी मोठाले दगड, त्यावर कौलांचे तुकडे, त्यावर गवत, आणि वरून माती लोटून टाकली. वरून बघणाऱ्याला नुसतं शेत. आतून पाणी ओढ्यात. मी चौदा वर्षांचा होतो. एवढ्या पाट्या वाहिल्या की रात्री हात वर होत नव्हते." तो थांबला. "ओढ्याच्या काठावर त्याचं तोंड होतं. ते दर वर्षी साफ करावं लागायचं, नाहीतर मुळं आत शिरतात. बाबा म्हणायचे, हे तोंड उघडं राहिलं तर शेत शंभर वर्षं टिकेल."

"मग विकल्यावर बंदच झालं असेल ते."

दादाने हातातली खापरी फिरवली. वहिनी दाराशी उभी होती, तीच म्हणाली, "हे जायचे सायकलवरून. विकल्यावरही. तीन वर्षं. मला वाटायचं, कुठे जातात सुट्टीच्या दिवशी खुरपं घेऊन? मग भट्टीच्या राखणदाराने चोर समजून हुसकलं, तेव्हा थांबले."

मातीताई भावाकडे बघत राहिली. पस्तीस वर्षं ती समजत होती की ह्याने शेत विकलं आणि हात झटकले.

"मला कधी बोलला नाहीस."

"काय बोलायचं? विकलेल्या शेतात काय करतोस, असं तू विचारलं असतंस." त्याने खापरी खाली ठेवली. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "आणखी एक आहे. आता एवढी वर्षं झाली, सांगायला हरकत नाही. तुला कळवू नको, असं तेच म्हणाले होते. तिची परीक्षा होऊ दे, म्हणाले. सही करतानाही तेच म्हणत होते."

"मग तू स्वतःवर का घेतलंस सगळं?"

"त्यांच्यावर रागावून तू काय केलं असतंस? ते चार महिन्यांचे पाहुणे. मी तर इथेच होतो."

वहिनी चहा करायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या रविवारी दोघा भाऊबहिणींनी त्या शेतात पाऊल टाकलं. ड्रायव्हरसाहेबांनी दादासाठी खुर्ची आणून ठेवली होती. दादाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मधल्या बांधावरच्या एका खुणेच्या दगडाला पाठ लावून तो उभा राहिला आणि वाकड्या गुडघ्यांनी पावलं मोजायला लागला. वखारीत आयुष्यभर लाकडं मोजलेला माणूस; ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. बावीस पावलांवर तो थांबला, डावीकडे वळला, नऊ पावलं गेला, आणि मान हलवली. "बाबांची पावलं लांब होती. माझी आता आखडलीत." परत दगडापाशी जाऊन त्याने पुन्हा सुरुवात केली. ह्या खेपेला प्रत्येक पाऊल ताणून, दुखणं दातांखाली दाबून.

"इथे," तो म्हणाला.

दोन मजूर लावले होते. अडीच फुटांवर पहार दगडावर आपटली. त्या दगडांमध्ये गाळ घट्ट बसला होता. खरी पंचाईत होती ती ओढ्याच्या काठावर. चराचं तोंड दिसतच नव्हतं. तिथे आता दाट झुडपं होती. दादा काठावर आडवा झाला आणि झुडपांत हात खांद्यापर्यंत घालून चाचपडू लागला. ड्रायव्हरसाहेब वरून ओरडले, "अहो, साप-बीप असेल!" "असू दे, त्याच्या आधी आम्ही होतो इथे," दादा आतून म्हणाला.

तोंड सापडलं. मुळांची वेणी बाहेर ओढायला दोन तास गेले. शेवटचा झुपका निघाला, तेव्हा आतून खळाळ वगैरे काही आलं नाही. एक काळपट धार, करंगळीएवढी, दगडावरून घरंगळली. मग थोडी जाड झाली. तीन दिवस ती गढूळ वाहत होती, आणि चौथ्या दिवशी ड्रायव्हरसाहेबांचा फोन आला. "ताई, पाणी नितळ झालं!" त्या दिवसापासून ते तिला मॅडम म्हणेनासे झाले.

फुटलेला मधला भाग दादाने पुन्हा बांधून घेतला. त्यानंतरचं वर्ष मातीताईचं होतं. आधी लांब दात्याच्या अवजाराने तो कडक थर फोडला, उभा आणि आडवा. जमीन उन्हात महिनाभर तशीच उघडी ठेवली, ढेकळं मऊ होऊन आपोआप फुटेपर्यंत. मग ताग पेरला, आणि कमरेएवढा झाल्यावर नांगराखाली गाडून टाकला. हिरवंगार उभं पीक मातीत चाललेलं बघून ड्रायव्हरसाहेबांचा जीव वरखाली झाला. "ताई, भरलेली गाडी दरीत लोटतोय असं वाटतंय हो!" ती म्हणाली, "जमिनीचं जेवण आहे ते. तुम्ही तिकडे बघू नका." पुढच्या हंगामात हरभरा घेतला. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातही तो इतर शेताच्या बरोबरीने उभा राहिला, तेव्हा तिने झाडांसाठी दोऱ्या ताणायला घेतल्या.

दोन ओळींत पंधरा फूट, दोन झाडांत दहा. प्रत्येक खड्डा दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, सरमिसळ झालेली तिला खपायची नाही. खड्डे उन्हात तापत ठेवले. त्यानंतर वरचीच माती कुजलेल्या शेणखतात कालवून भरली, आणि भारी जमीन म्हणून झाडाची जागा हातभर उंच केली. ह्या दिवसांत दादा दर रविवारी यायचा. गुडघ्यामुळे त्याला खणता येत नसे. तो खड्ड्याच्या कडेला बसून माती हाताने चुरायचा आणि खडे वेचून काढायचा.

एका दुपारी बांधावर बसून दोघं जेवत होती. तिने एकदम सांगून टाकलं, "माझ्या वहीत संत्री होती, दादा. दोनशे चाळीस. एकही जगलं नसतं."

दादाचा घास हातातच राहिला. "काय सांगतेस? मग मी विकली ते बरंच केलं म्हण की!"

"तसं मी म्हणणार नाही."

"नको म्हणूस," दादा म्हणाला, आणि दोघं एकदमच हसली. वहिनीने डब्यात तिच्यासाठी वेगळं लोणचं दिलं होतं. ते दादानेच संपवलं.

लागवडीच्या दिवशी पहिलं रोप कुणी लावायचं यावर बरंच 'तुम्ही, नाही तुम्ही' झालं. शेवटी ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "जमीन माझी, चर तुमच्या वडिलांचा, खड्डा ताईंचा. तिघं मिळून धरू." तीन म्हातारी माणसं एका वीतभर रोपाभोवती वाकली. दादाने माती लोटली, मातीताईने ती बोटांनी दाबली. फार घट्ट नाही, फार सैल नाही.

त्याच महिन्यात ती निवृत्त झाली. एका रविवारी ड्रायव्हरसाहेबांनी, किती दिवस बोलू का नको करत असलेली गोष्ट काढली. घर होतं त्या जागेचा तुकडा त्यांना तिच्या नावावर करायचा होता. "काही देऊ नका. नुसत्या दोन खोल्या बांधा आणि राहा. मलाही बोलायला कुणीतरी होईल."

तिने त्या जागेकडे पाहिलं. स्वयंपाकघर कुठे होतं, आईचा पाटा कुठे, वडील दुपारी आडवे व्हायचे तो ओटा कुठे, सगळं तिला वाळक्या गवतावर आखून दाखवता आलं असतं. हो म्हणायला फक्त तोंड उघडायचं होतं. ती आठ दिवसांची मुदत मागून आली, आणि ते आठ दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

मग तिने नाही कळवलं. "राग मानू नका," ती म्हणाली. "मला ते घर हवंय, ड्रायव्हरसाहेब. फार हवंय. पण मला हवंय ते दोन खोल्यांत येणार नाही. त्यात माणसं लागतील, आणि ती आता कुठून आणायची? नव्या भिंतींत बसून मी जुन्याच शोधत राहीन. मी येत जाईन. तेवढं बरं."

ड्रायव्हरसाहेबांनी खूप वेळ टोपी झटकली. "येत जा," ते म्हणाले.

ती येत राहिली. कधी दादाबरोबर, आणि त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली त्या तीन महिन्यांत एकटी. दुसऱ्या वर्षी झाडं छातीला लागली आणि अंगभर फुलली. लालभडक, मेणातून कोरल्यासारखी फुलं. ड्रायव्हरसाहेब सकाळपासून त्यांच्यामधून फिरत होते, गाडी बंद करून बसायची जागा सापडलेल्या माणसासारखे. तिला सांगायचं जिवावर आलं, पण सांगणं भाग होतं.

"सगळी खुडायची," ती म्हणाली.

"सगळी?"

"झाड अजून लहान आहे. आत्ता फळ धरलं तर त्याचा जीव फळात जाईल आणि खोड तसंच किडकिडीत राहील. ह्या वर्षी खुडायची."

दादा काठी टेकत पहिल्या ओळीच्या टोकाशी गेला. वहिनीने बादल्या आणल्या. चौघं चार ओळींत शिरली आणि फुलं खुडायला लागली. देठ तुटल्याचे बारीक आवाज तेवढे येत होते. दुपारपर्यंत सात बादल्या भरल्या.

"पुढच्या वर्षी धरायची ना फळं?" पलीकडच्या ओळीतून ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू. खोड मनगटाएवढं झालं तर."

"आणि नाही झालं तर?"

"तर त्याच्या पुढच्या वर्षी."

दादा ओळीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचला होता. तिथून त्याने हाक मारली, "धाकटे, ह्या झाडाची वरची फांदी माझ्या हाताला येत नाही गं." तिने बादली खाली ठेवली आणि ती फांदी वाकवून धरायला गेली.